पाठमोरे दर्शन : विल्यम कॅरी यांचे चरित्र

बायबलातील निर्गमाच्या पुस्तकात मोशेची एक कथा आहे. परमेश्वराचे तेज आपणास प्रत्यक्ष पाहावयास मिळावे, अशी मोशेने प्रार्थना केली. तेव्हा परमेश्वराने त्याला खडकाच्या एका भेगेत उभे केले, आपण तेथून जाईपर्यंत त्याच्यावर आपला हात झाकून धरला आणि पुढे गेल्यावर तो हात काढून घेतला. मोशेला दर्शन घडले खरे, परंतु ते पाठमोरे! श्रद्धावान ख्रिस्ती मनाला या कथेत मानवी जीवनाचे एक मर्म सापडते. ईश्वर आपल्या आयुष्यातून जात असतो, त्या वेळी आपल्या डोळ्यांपुढे अंधारच असतो. तो पुढे गेल्यावर त्याची वाट कोणती होती, हे आपणास थोडेबहुत उमगते.

हे मर्म ज्यांच्या चरित्रात विशेष स्पष्टपणे दिसते, असे एक सत्पुरुष म्हणजे डॉ. विल्यम कॅरी होत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्या आम्हांस त्यांच्याविषयी एक वेगळीच आपुलकी वाटते. मराठीच्या अगदी आरंभीच्या छापील व्याकरणांपैकी एक व्याकरण त्यांनी रचले, आणि ते छापले गेले ते पुण्यात किंवा मुंबईत नव्हे, तर दूर बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी! इंग्लंडातील एका खेड्यात जोडे शिवणारा मुलगा हुगळीच्या काठी मराठीचे व्याकरण लिहावयास कसा पोहोचला, याचा मागोवा घेऊ लागलो की, ठिकठिकाणी अडलेल्या वाटाच आढळतात. जेथे जावयाचे त्यांनी ठरविले तेथे ते क्वचितच पोहोचले. आणि जेथे पोहोचले तेथे जावयाचे त्यांनी बहुधा ठरविलेले नव्हते.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टन परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेचे शिक्षक झाले. पाच भावंडांत विल्यम सर्वांत वडील. रानावनात हिंडावे, झाडे, पाने, किडे, पाखरे गोळा करावीत आणि त्यांचे निरीक्षण करावे, हा त्याचा आवडता छंद. असा मुलगा शेतावर किंवा बागेत रमला असता. परंतु त्याच्या कातडीला असा काही विकार जडला होता की, उन्हात काम करणे त्याला सोसेना. उघड्यावरील कामाची वाट अशी बालपणीच बंद झाली. सावलीत बसून करता येईल असा एखादा धंदा पाहणे भाग पडले आणि वयाच्या १४ व्या वर्षी पिडिंग्टन येथील क्लार्क निकल्स या जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे तो उमेदवार म्हणून राहिला.

निसर्गात रमणाऱ्या मुलाच्या हाती आरी आणि रापी आली, ही त्या वेळी कोणालाही दुर्दैवाचीच गोष्ट वाटली असती. पण या दुकानातच दोन गोष्टी घडल्या. जॉन वॉर नावाचा एक सोबती उमेदवार तेथे होता; त्याच्याशी वाद घालता घालता विल्यमच्या मनातील धर्मश्रद्धा जागी झाली. आणि मालकाच्या थोड्याशा पुस्तकांत बायबलावरील एक टीकाग्रंथ होता, त्यात काही अनोळखी अक्षरे त्याला दिसली. ती ग्रीक होती. ती अक्षरे त्याने जशीच्या तशी उतरवून घेतली आणि पॉलर्सपरीतील एका शिकलेल्या विणकराकडे जाऊन त्यांचा अर्थ विचारला. एका थोर भाषापंडिताचे विद्यार्जन ते असे सुरू झाले. जोडे शिवता शिवता त्याने ग्रीक, लॅटिन व हिब्रू या भाषा बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केल्या.

१७८१ साली कॅरी यांचा डॉरथी प्लॅकेट या तरुणीशी विवाह झाला. तिला लिहिता येत नव्हते. विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली काढली. संसार दारिद्र्याचा होता. पहिली मुलगी लहानपणीच तापाने दगावली. मोल्टन येथे कॅरी दिवसा शाळा चालवीत, रविवारी प्रवचन करीत आणि उरल्या वेळात जोडे शिवीत. भिंतीवर त्यांनी स्वतः तयार केलेला जगाचा मोठा नकाशा टांगलेला असे. कॅप्टन कुकच्या सागरप्रवासांचे वर्णन वाचल्यापासून दूरदूरच्या देशांनी त्यांच्या मनाचा ताबा घेतला होता. १७९२ साली त्यांनी परदेशांतील धर्मप्रसाराची आवश्यकता प्रतिपादणारे ८७ पानांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे मूठभर मंडळींनी एकत्र येऊन बॅप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन केली. त्या दिवशी जमलेल्या वर्गणीचा आकडा होता १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स!

कॅरी यांचे मन ओढ घेत होते ते प्रशांत महासागरातील ताहिती बेटाकडे. परंतु बंगालमध्ये राहून आलेले डॉ. जॉन टॉमस यांची संस्थेशी गाठ पडली आणि ताहिती मागे पडून बंगाल ठरले. डॉरथीचे दिवस भरत आले होते. तिने येण्यास साफ नकार दिला. तेव्हा १७९३ च्या वसंत ऋतूत थोरला मुलगा फीलिक्स याला घेऊन कॅरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढले. परंतु कंपनीचा परवाना त्यांच्याजवळ नव्हता. जहाज किनाऱ्याजवळ खोळंबले असतानाच त्यांना सामानासह उतरविण्यात आले. कॅरी अत्यंत निराश झाले.

या विलंबाचा परिणाम असा झाला की, ते घरी परतले तेव्हा डॉरथी बाळंत झाली होती. पुष्कळ मनधरणीनंतर, बहीण कॅथरिन बरोबर येणार असेल तर आपण येऊ, असे तिने कबूल केले. १३ जून १७९३ रोजी सारे कुटुंब एका डॅनिश जहाजाने निघाले आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचले. कुटुंबाची ताटातूट टळली, ही ईश्वराचीच योजना, असे त्या वेळी कॅरींच्या मित्रांना वाटले असल्यास नवल नाही. या प्रसंगाकडे आम्हांस पुन्हा वळावे लागणार आहे.

कलकत्त्यास जवळचे पैसे लवकरच संपले. काही दिवस सुंदरबनाच्या जंगलात काढल्यावर १७९४ साली जॉर्ज उडनी या सद्गृहस्थाने त्यांना उत्तर बंगालमधील मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक नेमले. धर्मोपदेशासाठी आलेला माणूस निळीच्या हौदांचा हिशेब ठेवू लागला. इंग्लंडातील काही मंडळींना ही गोष्ट रुचली नाही. त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने वारला. त्याचे प्रेत वाहून न्यावयाला माणसे मिळेनात, अशी त्या परक्या मुलखात कुटुंबाची स्थिती झाली. सहा वर्षे तेथे गेली. त्या अवधीत त्यांच्या उपदेशाने एकाही बंगाली मनुष्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. पुढे पुराने निळीचे पीक बुडाले आणि कारखाना मोडण्याची वेळ आली.

बाहेरून पाहणाऱ्याने ही सहा वर्षे वाया गेली असेच म्हटले असते. परंतु याच वर्षांत कॅरी खेड्यांतील कुळांशी, मजुरांशी व पंडितांशी रोज बोलत होते. शहरातील इंग्रजांना ठाऊक नसलेली जिवंत बंगाली त्यांच्या जिभेवर रुळली. संस्कृताचा अभ्यास येथेच झाला. बायबलातील नव्या कराराचे बंगाली भाषांतर येथेच सिद्ध झाले आणि उडनीसाहेबांनी घेऊन दिलेला लाकडी छापखानाही येथेच आला.

१७९९ च्या ऑक्टोबरात जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड वगैरे नवे सहकारी इंग्लंडहून आले. त्यांना बंगालच्या अंतर्भागात जाऊ देण्यास कंपनी सरकार तयार नव्हते. हुगळीकाठचे सेरामपूर, म्हणजे श्रीरामपूर, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात होते; तेथील गव्हर्नर बी यांनी या मंडळींना आसरा दिला. मदनावतीजवळच स्वतःची जागा घेऊन तेथे वसाहत करावी, असा कॅरी यांचा बेत होता. त्यात त्यांचे पैसेही गुंतले होते. सहकारी तिकडे येऊ शकत नाहीत म्हटल्यावर तो सारा बेत सोडून, नुकसान सोसून, १० जानेवारी १८०० रोजी ते सेरामपुरास आले. कंपनीची आडकाठी नसती तर कॅरी उत्तर बंगालच्या एका आडगावीच राहिले असते. सेरामपूर कलकत्त्यापासून हाकेच्या अंतरावर होते आणि तरीही कंपनीच्या हुकमतीबाहेर होते. छापखान्याला याहून सोयीची जागा शोधूनही सापडली नसती.

त्याच वर्षी डिसेंबरात कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला. आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या नव्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली शिकविण्यासाठी कॅरी यांची नेमणूक झाली. ज्या कंपनीने त्यांना जहाजावरून उतरविले होते, तीच आता त्यांना दरमहा ५०० रुपये देऊ लागली! ही रक्कम बहुतेक सर्व छापखान्याच्या व मिशनच्या कामी खर्ची पडे.

पुढे बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठी शिकविण्याचे कामही त्यांच्याकडे आले. कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण रचले. ते १८०५ साली प्रसिद्ध झाले. १८१० साली मोडी खिळ्यांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ साली मराठी नवा करार निघाला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर घडविलेल्या या मराठीत दोष होते, हे मान्य केले पाहिजे. मुंबईतील पुढील भाषांतरकारांना ते काम नव्याने करावे लागले, आणि कोशाच्या बाबतीत १८३१ साली मोल्सवर्थच्या कोशाने फार मोठी मजल मारली. तथापि, मराठी भाषा नियमांत बसविता येते व तिचे शब्द कोशात गोवता येतात, हे छापून दाखविणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत कॅरी व वैजनाथ पंडित बसलेले आहेत.

सेरामपूरचा व्याप वाढत गेला. पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर या कुशल कारागिरांनी एकामागून एक भाषांचे खिळे घडविले. आणि अशा भरभराटीच्या वेळी, ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी, छापखान्याला आग लागली.

ती इमारत २०० फूट लांब व ५० फूट रुंद होती. वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करून, वरून पाणी ओतून कित्येक तास आग कोंडून धरली. परंतु मदतीच्या घाईत कोणी तरी खिडक्या उघडल्या. वारा आत शिरला, ज्वाळा भडकल्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. १४ पौर्वात्य भाषांचे खिळे वितळले. १२०० रिम कागद जळाला. कॅरी यांच्या तेलुगू व्याकरणाचे हस्तलिखित गेले. संस्कृतशी नाते असलेल्या पौर्वात्य भाषांचा तौलनिक महाकोश हा त्यांच्या कित्येक वर्षांच्या परिश्रमाचा ठेवा. त्याचीही राख झाली. एकूण नुकसान सुमारे १०,००० पौंडांचे होते. कॅरी त्या रात्री कलकत्त्यास होते. सकाळी मार्शमन यांनी जाऊन ही वार्ता सांगितली तेव्हा ते सुन्न झाले. सेरामपुरास परतून त्यांनी ती धुमसणारी जागा पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले. पुढे प्रवचनासाठी त्यांनी ४६ वे स्तोत्र निवडले. ईश्वराला आपले काहीही घेण्याचा अधिकार आहे आणि ते शांतपणे मान्य करणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्या प्रवचनाचा आशय होता. ही आग कशासाठी लागली, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. ते आहे असे त्यांनी भासविलेही नाही.

राख उपसताना अक्षरांचे पोलादी ठसे व साचे शाबूत सापडले. शेजारच्या भागातील पाच छापयंत्रे वाचली होती. नदीकाठचे एक गुदाम नुकतेच रिकामे झाले होते. तेथे काम सुरू झाले. वितळलेला धातूच गोळा करून कारागीर रात्रंदिवस नवे खिळे ओतू लागले आणि वर्ष सरण्यापूर्वी बहुतेक भाषांचे काम पुन्हा चालू झाले. इंग्लंडात ही बातमी सप्टेंबरात पोहोचली. तोपर्यंत सेरामपूरचे नाव थोड्याच मंडळींना ठाऊक होते. आगीने ते घरोघर पोहोचविले. वेगवेगळ्या पंथांच्या लोकांनी दोन महिन्यांच्या आत सुमारे १०,००० पौंड जमविले. अखेर आता वर्गणी पुरे, असे संस्थेच्या चालकांना सांगावे लागले. जळालेली भाषांतरे कॅरी यांनी पुन्हा हाती घेतली. एकदा चाललेल्या वाटेने पुन्हा जाताना पाऊल अधिक निश्चित पडते, असा त्यांना अनुभव आला. सेरामपूरच्या मंडळींनी पुढे बायबल संपूर्ण किंवा अंशतः सुमारे ४० भाषांत प्रसिद्ध केले.

येथवरचा वृत्तांत वाचून, प्रत्येक संकटापाठीमागे एक सुंदर कारण असते आणि काही वर्षे थांबले की ते हाती येते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु तो पुरता खरा नाही, हेही कॅरी यांचे चरित्रच सांगते. जळालेला महाकोश पुन्हा कधीही सिद्ध झाला नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट डॉरथीची.

ज्या विलंबामुळे ती पतीबरोबर आली, त्याच विलंबाने तिला या परक्या देशात आणले. जंगलातील हाल, सततचा आजार आणि पीटरचा मृत्यू यांनी तिचे मन खचले आणि १७९५ च्या सुमारास तिची बुद्धी भ्रमिष्ट झाली. पुढे बारा वर्षे ती सावरली नाही. शेजारच्या खोलीत ती आक्रोश करीत असताना कॅरी आपल्या मेजावर भाषांतर करीत बसलेले असत. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती निवर्तली. ज्या विलंबाला त्या वेळी कृपा म्हणावेसे वाटले, तो या दुर्दैवी स्त्रीला किती महाग पडला! तिच्या दुःखातून अमुक एक लाभ झाला, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. तसे म्हणणे तिच्यावर अन्याय करणे होईल. खडकाच्या भेगेवरील तो हात या बाबतीत अजून काढलेला नाही, एवढेच श्रद्धावान मनुष्य म्हणू शकेल.

म्हणून कॅरी यांच्या श्रद्धेचे मोल त्यांना मिळालेल्या उत्तरांवरून ठरत नाही. उत्तर मिळालेले नसताना त्यांनी काय केले, यावरून ते ठरते. स्वतःच्या अंगी चिकाटीने पुढे जात राहण्यापलीकडे विशेष गुण नाही, असे ते मानीत. आणि खरोखरच, मागे वळून पाहताना जी ईश्वरी योजना आज आपणास दिसते, तिचा एकेक दुवा त्यांच्या एखाद्या साध्या, चिवट दिवसाचा आहे. निळीच्या कारखान्यात बसून त्यांनी नशिबाला बोल लावला असता, तर तेथून कॉलेजाकडे वाट फुटलीच नसती. राखेपुढे ते हातपाय गाळून बसले असते, तर इंग्लंडातून आलेल्या पैशाने छापावयाला काही उरले नसते.

त्यांचे उत्तरायुष्यही कार्यमग्न होते. १८१८ साली सेरामपूरचे महाविद्यालय स्थापन झाले आणि सेरामपूरच्याच छापखान्यातून समाचार दर्पण हे बंगाली वृत्तपत्र निघाले. १८२० साली त्यांच्या पुढाकाराने कृषी व उद्यान संस्था स्थापन झाली. उन्हामुळे ज्याला बागकाम सोडावे लागले होते, त्या मुलाची वनस्पतींची आवड भारताच्या उन्हात अशी फळाला आली. १८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा झाला. तो बंगालीत उतरविण्याचे काम कॅरी यांच्याकडे आले, तेव्हा रविवारचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवून त्यांनी त्याच दिवशी ते पुरे केले. एका दिवसाच्या दिरंगाईनेही कोणा स्त्रीचा जीव जाईल, ही त्यांना तळमळ होती.

दुःखांनीही त्यांचा पाठलाग सोडला नाही. १८२१ मध्ये दुसरी पत्नी शार्लट व १८२२ मध्ये फीलिक्स यांचा मृत्यू झाला. १८२३ च्या पुराने त्यांची लाडकी बाग उद्ध्वस्त केली आणि त्यांनी ती पुन्हा लावली. ज्या संस्थेचा पाया त्यांनी घातला तिच्याशीच वृद्धापकाळी मतभेद झाले. ९ जून १८३४ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, सेरामपूर येथेच त्यांनी देह ठेवला. आपल्या थडग्यावर स्तुतिपर शब्द घालू नयेत, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. ४१ वर्षांपूर्वी इंग्लंड सोडल्यावर ते पुन्हा मायदेशी गेले नाहीत.

विद्यार्थिदशेत आपल्याही वाटा अडतात. हवा तो अभ्यासक्रम मिळत नाही, घरची परिस्थिती आड येते, आजारपणात एखादे वर्ष वाया जाते. या साऱ्याचा अर्थ आजच सांगा, असा हट्ट धरून कोणाच्याही हाती काही लागलेले नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ त्याला परस्पर सांगण्याचा अधिकार तर आपणास मुळीच नाही. कॅरी यांच्या चरित्रातून आम्ही घेतो तो बोध साधा आहे. अर्थ लावण्याचे काम पुढील वर्षांवर आणि ईश्वरावर सोपवावे. समोर जे पान उघडे असेल ते मात्र नीट लिहावे. मार्च १८१२ मध्ये सेरामपूरच्या त्या गुदामात खिळे ओतणाऱ्या कारागिरांना इंग्लंडातून काय येणार आहे, हे ठाऊक नव्हते. त्यांनी राखेतला धातू वेचला, साचा पुसला आणि पहिले अक्षर ओतले.